हेअर सेल्स (कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी) परत उगवतील म्हणून कानाचं मशीन टाळताय? मी दोन वर्षं टाळलं

‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, मशीन लावायला सांगितलंय, पण हेअर सेल्स परत उगवणारं औषध येतंय असं वाचलं, तर थोडं थांबू का’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलंच नाही, अगदी हेच मी विचारत फिरत होते. थांबू नका.

मी डॉक्टर नाही, तुमचा ऑडिओग्रामही (ऐकण्याच्या तपासणीचा ग्राफ) पाहिलेला नाही. आणि हो, एका कानाचं ऐकू येणं अचानक एक-दोन दिवसांत गेलं असेल तर हे वाचत बसू नका, आजच ईएनटीकडे जा, तिथे वेळेत स्टेरॉइड सुरू होणं महत्त्वाचं असतं.

माझा ग्राफ २००० हर्ट्झपर्यंत बरा होता, पुढे धपकन खाली. नात ‘सात’ म्हणाली की मला ‘आठ’ ऐकू यायचं, कारण ‘स’ असतो वरच्या फ्रिक्वेन्सीत आणि तिथल्याच पेशी आधी जातात. एका ठिकाणी (नाव घेत नाही) विचारलं तर म्हणे मशीनने कान आळशी होतात, कशाला सवय लावून घेता, औषध येतच आहे! वर महिन्याच्या महिन्याला गोळ्या, कशाच्या ते शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि दोन वर्षांत एकदाही परत ऑडिओग्राम काढला नाही. याचा राग अजून जात नाही.

मीही बातम्यांचे मथळेच वाचत होते. कोंबडीच्या पिल्लांत या पेशी परत येतात हे १९८० च्या दशकातच कळलंय, पण माणसाच्या एका कानात जेमतेम १५-१६ हजार असतात आणि गेल्या की गेल्या. नवीन पेशी नुसती तयार होऊन भागत नाही, ती नेमक्या ओळीत बसायला हवी, तिच्यावरचे बारीक केस नीट लागायला हवेत, खाली नस जोडली जायला हवी. एफएक्स-३२२ या, हेअर सेल्स परत उगवण्यासाठीच्या औषधावर मी फार आशा लावली होती, २०२३ च्या फेब्रुवारीत त्याची ट्रायल फेल गेली, त्या दिवशी खरंच रडले. २०२४ मध्ये जन्मतः बहिऱ्या मुलांना जीन थेरपीने ऐकू यायला लागलं ते खरंय, फार मोठी गोष्ट आहे, पण त्या मुलांच्या पेशी जिवंत होत्या, फक्त ओटोफर्लिन नावाचं प्रोटीन नसल्याने आवाजाचा निरोप कानाच्या नसेपर्यंत पोचत नव्हता. आवाजाने किंवा वयाने पेशीच मेल्या असतील तर तो इलाज लागू नाही.

मशीन लावलं तर उद्या औषध आल्यावर ते घेता येणार नाही असं काही नाही, हे मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. टेस्टला जाल तेव्हा नुसत्या टूँ टूँ वर समाधान मानू नका, गोंगाटात शब्द ओळखायची टेस्ट पण मागा. पहिले काही आठवडे कागदाची सळसळसुद्धा डोक्यात जाते, माझ्या तर वर्तमानपत्राचं पान उलटलं की अंगावर यायचं, म्हणून काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका, ऑडिओलॉजिस्टकडे परत जाऊन सेटिंग बदलून घ्या, मी चार वेळा गेले. आता नात पाढे म्हणते तेव्हा सात सातच ऐकू येतो.