डी अँड डीच्या ग्रुपमध्ये दर वेळी कुणीतरी गैरहजर असतं. सेशन रद्द करावं, की त्याचं कॅरेक्टर दुसऱ्यानं चालवावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डी अँड डीचे (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक कॅरेक्टर म्हणजे पात्र चालवत फाशांवर खेळायची गोष्ट) डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारे, आहात, टेबलावर पाच खेळाडू आहेत आणि कुणी ना कुणी आलं नाही म्हणून तीन महिन्यांत चार सेशन रद्द झाली. आता दोघं म्हणतायत की नसलेल्याचं कॅरेक्टर शेजारच्यानं चालवावं. मला विचाराल तर रद्दही करू नका आणि कुणाचं कॅरेक्टर दुसऱ्याच्या हातातही देऊ नका. यातून मार्ग निघतो, पण त्याची तयारी आदल्या सेशनच्या शेवटच्या अर्ध्या तासात करावी लागते.

मी सोलापुरात सहा वर्षं टेबल चालवतोय. आमचेही पाचच खेळाडू. दर रविवारी दुपारी आमच्या माडीवर बसतो. एकाचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, एक जण नर्स आहे, तिची ड्युटी दर आठवड्याला बदलते. एक पुण्यात नोकरीला, शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येतो. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणं, या सुट्ट्या आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर मारून ठेवतो. खरी अडचण पाण्याची. बाहेरच्या लोकांना पटत नाही, पण इथं बऱ्याच भागांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्या वेळी घरात भरायला माणूस नसेल तर पुढचे चार दिवस सगळ्या घराचे हाल. त्यामुळे ऐन दुपारी ग्रुपवर ‘पाणी आलंय बे, जमणार नाही’ असा मेसेज पडला की त्यावर कुणी वाद घालत नाही.

अशाच एका रविवारी माझ्याकडून चूक झाली. आमच्यात रुद्राप्पा नावाचा ड्वार्फ क्लेरिक आहे, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा बुटका पुजारी. त्याचा खेळाडू पाणी भरत होता आणि आम्ही मागच्या वेळी गुहेत, लढाईच्या तोंडावर थांबलो होतो. क्लेरिकशिवाय निभावणार नाही म्हणून मी रुद्राप्पाची शीट, म्हणजे त्याची सगळी माहिती लिहिलेला कागद, शेजारच्या खेळाडूला दिली. त्यानं रुद्राप्पाला सगळ्यात पुढं उभा केला. खरा खेळाडू असं कधी करत नाही, तो मागं राहून शेवटचा स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची शेवटची संधी, जपून ठेवतो. तिसऱ्या फेरीत रुद्राप्पाचे हिट पॉइंट्स, म्हणजे उरलेला जीव, शून्यावर आले. पहिला डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायला टाकायचा फासा, चुकला. दुसऱ्याला वीस बाजूंच्या फाशावर थेट एक पडला. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एक पडला की दोन चुका धरतात, म्हणजे मरणाच्या तीन भरल्या. रुद्राप्पा मेला, आणि त्याचा खेळाडू तेव्हा जिन्यावरून कळशा वाहत होता.

संध्याकाळी मी फोन करून सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी आला, तेव्हा मी ती शीट पहिल्यांदा नीट पाहिली. हिट पॉइंट्सचा आकडा दोन वर्षं पेन्सिलीनं लिहून-खोडून तिथला कागद पातळ झाला होता, उजेडात धरला तर पलीकडचं दिसत होतं. कडेला बारीक अक्षरात रुद्राप्पाच्या गावाचं नाव होतं, आईचं नाव होतं, ‘घरी परत जायचं’ असं लिहिलेलं होतं. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि ती लढाई पुसून टाकली. टेबलावर घडलेलं मागं घ्यायचं नाही, हा माझा नियम. तो मी तेवढ्या एकदाच मोडला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याचं कॅरेक्टर, त्याचा फासा. तो नसताना त्या कॅरेक्टरला मरण नाही, जखम नाही, त्याच्या पिशवीतलं काही कुणी वापरायचं नाही, हे तेव्हापासून आमच्याकडे पक्कं आहे.

आता शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल. सेशन गुहेच्या मधोमध, दार उघडताना किंवा तलवारी उपसलेल्या असताना थांबवलं, की पुढच्या वेळी तेच पाचही जण हवेत अशी अट तुम्हीच घातलेली असते. उत्सुकता ताणून ठेवायचा मोह मलाही होतो. पण तिचा फायदा पुढच्या रविवारी पाचही जण आले तरच, आणि तुमचा तीन महिन्यांचा अनुभव काय सांगतो? मी पाचला मोबाइलवर गजर लावतो. गजर झाला की नवीन खोली नाही, नवीन शत्रू नाही. आपापली माणसं घेऊन गावात, धर्मशाळेत, निदान तळावर परत यायचं. तिथून पुढच्या वेळी तिघं निघाले तरी गोष्टीला धक्का लागत नाही. एक जण तळावर घोड्यांपाशी थांबला, एवढं कारण पुरतं. कारणाला कथा जोडत बसू नका, अर्ध्या मिनिटात पुढं चला.

हे काही माझं डोकं नाही. बेन रॉबिन्स यांनी दोन हजारच्या दशकात वेस्ट मार्चेस नावाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी मोठी गोष्ट, दहाहून जास्त खेळाडू घेऊन चालवलं, त्यात ठरलेला वार नव्हता आणि ठरलेला ग्रुपही नव्हता. ज्यांना जमेल ते निघायचे आणि सेशन संपताना गावात परतायचे. मुळात डी अँड डीच्या 1974 सालच्या पहिल्या पुस्तिकांमध्येच एका कॅम्पेनला चार ते पन्नास खेळाडू चालतील असं छापलंय. पन्नास माणसं एका वेळी एका टेबलावर बसणं शक्य नाही. कधी कोण आहे, कधी कोण नाही, हे या खेळानं पहिल्यापासून धरलेलंच आहे.

कोरम ठरवा. आमच्याकडे तिघं आले की खेळ होतो. दोघंच असतील तर कॅम्पेन बाजूला ठेवून एका बैठकीत संपणारी छोटी गोष्ट खेळतो, पण भेटतोच. एकदा रविवार सुटायला लागला की माणसं दुसरी कामं लावून घेतात, हे मी जुन्या ग्रुपमध्ये पाहिलंय. तो ग्रुप भांडून मोडला नाही, लागोपाठ तीन रविवार रद्द झाले आणि चौथ्या वेळी कुणी विचारलंच नाही.

माणसं कमी असतील तर लढाई हलकी करावी लागते. शत्रूचे हिट पॉइंट्स कमी करण्यापेक्षा शत्रूच कमी करा. पाचांसाठी सहा गोब्लिन ठेवले असतील तर तिघांसाठी तीन-चार पुरे, कारण एका फेरीत कुणाच्या बाजूनं किती वार होतात यावर बहुतेक लढाया ठरतात. क्लेरिक नसेल त्या दिवशी वाटेत दोन-तीन हीलिंग पोशन, म्हणजे जखम भरणारं औषध, सापडू द्या. साधं पोशन चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन एवढं बरं करतं, त्यावर निभावतं. आणि किल्ली, नकाशा, राजाचं पत्र असल्या वस्तू एकाच्या शीटवर लिहू देऊ नका. आमच्याकडे त्यासाठी वेगळी वही आहे, ती माडीवरच राहते.

एक्सपीचं, म्हणजे कॅरेक्टरची लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचं म्हणाल तर 2014 च्या डीएम गाइडमध्ये जो हजर त्यालाच एक्सपी, असा साधारण रिवाज दिलाय. दोन-तीन लेव्हलचा फरक पडला तरी खेळ बिघडत नाही, असंही तिथं म्हटलंय. तरी मी सगळ्यांना एकच लेव्हल देतो. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या नर्सला ‘तू मागं पडलीस’ हे मला कागदावर लिहून द्यायचं नाही.

आलेल्यांपैकी एकानं न आलेल्याला त्याच रात्री व्हॉइस नोट पाठवायची, दोन-तीन मिनिटांची, आपल्या कॅरेक्टरच्या आवाजात. हे जरूर करून बघा. आमचा रोग (rogue, म्हणजे चोराचं कॅरेक्टर) तर रुद्राप्पाला अस्सल सोलापुरीत सांगतो, ‘तू नव्हतास बे, लै मार खाल्ला.’ पुण्याचा गडी ती रेल्वेत ऐकतो आणि पुढच्या रविवारी सगळं माहीत असल्यासारखा येऊन बसतो.

तुमच्यातला एक जण पाचपैकी चार वेळा येत नाही, असंही तुम्ही म्हणालात. त्याला ग्रुपवर काही लिहू नका. एकट्याला चहाला बोलवा आणि सरळ विचारा: यायची इच्छा आहे पण जमत नाही, की इच्छाच उरली नाही? पहिलं असेल तर त्याला पाहुण्याचं कॅरेक्टर द्या, कधीही येणारा-जाणारा व्यापारी, वाटाड्या, असलं काहीतरी. आमचा टॉवेलवाला लग्नसराईच्या सीझनमध्ये असाच फेरीवाला होतो. येतो तेव्हा पाठीवर गाठोडं असतं आणि बाकीचे आधी त्याच्याकडं पोशन आहे का ते बघतात.