गुणोत्तराचा गृहपाठ: सूत्राआधी चौकटी

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. निळा आणि पांढरा रंग 2:3 या प्रमाणात मिसळायचा, निळे 6 डबे घेतले तर पांढरे किती, या गणिताचं उत्तर तिने 7 काढलं. 9 कसे येतात ते समजावलं की ती मान डोलावते, पण पुढच्या गणितात पुन्हा तीच चूक. तिरकस गुणाकार (दोन गुणोत्तरं अपूर्णांकांसारखी शेजारी मांडून तिरप्या समोरच्या संख्या गुणायच्या) सरळ शिकवून टाकावा का?

उत्तर: इतक्यात नको. हे 7 हिशेब चुकल्यामुळे आलेले नाहीत. 3 हे 2 पेक्षा 1 ने जास्त, म्हणून 6 पेक्षा 1 ने जास्त ते 7, असा तिचा विचार आहे. म्हणजे ती ‘कितीने जास्त’ हे पाहते, आणि गुणोत्तर विचारतं ‘कितीपट’. ही चूक अगदी नेहमीची आहे. तिरकस गुणाकाराने उत्तर 9 येईल, पण विचार आहे तिथेच राहील आणि गणिताची भाषा जरा बदलली की मूल पुन्हा अडेल.

तिच्याकडून एक तक्ता लिहून घ्या. पहिल्या खेपेला निळे 2, पांढरे 3. तेवढंच मिश्रण आणखी एकदा केलं, आता एकूण निळे 4, पांढरे 6. तिसऱ्या खेपेनंतर 6 आणि 9. मग विचारा, ‘किती खेपा झाल्या?’ तीन. दोन्ही पदांना 3 ने गुणलं गेलं, हे तिचं तिलाच दिसू द्या. तुम्ही आधी सांगू नका.

7 का चालत नाहीत, हे मोठ्या आकड्यांनी पटतं. तिच्याच रीतीने निळे 100 घेतले तर पांढरे 101 येतील. मग रंग जवळजवळ निम्मा-निम्मा झाला! आपल्याला तर पांढरा निळ्याच्या दीडपट हवा होता.

तक्ता जमला की मुद्दाम अडचणीचा आकडा द्या: निळे 5 असतील तर? 5 हा आकडा 2 च्या पाढ्यात नाही, त्यामुळे मुलं इथे थांबतात. आधी एका निळ्याला पांढरे किती ते काढायचं: 3 भागिले 2, म्हणजे दीड. पाच निळ्यांना साडेसात. हीच एकमान पद्धत.

प्रश्न: ‘45 मणी दोघांत 2:3 या प्रमाणात वाटा.’ मुलगा 45 चे दोन-तृतीयांश करून 30 आणि 15 लिहितो. त्याला कसं समजवावं?

उत्तर: त्याने 2:3 हा एकूणाचा अपूर्णांक धरला. इथे 2 आणि 3 हे दोघांचे वाटे आहेत, एकूण वाटे 5. चौकटीच्या वहीत वरच्या ओळीत 2 चौकटी, खालच्या ओळीत 3, सगळ्या एकाच मापाच्या. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या दिसाव्यात म्हणून काही मुलं वरच्या चौकटी ताणून काढतात. तिथेच थांबवा, कारण चौकटी लहानमोठ्या झाल्या की आकृतीचा अर्थच जातो. आता 45 मणी 5 चौकटींत, एका चौकटीत 9. म्हणून 18 आणि 27. ताळा दोनदा घ्यायचा: बेरीज 45 येते का, आणि 18:27 ला 9 ने भागल्यावर 2:3 मिळतं का. त्याच्या 30 आणि 15 चं गुणोत्तर 2:1 येतं. ते त्यालाच काढायला लावा.

या आकृतीचा खरा उपयोग पुढे होतो. ‘दोन संख्यांचं गुणोत्तर 3:5, फरक 14’ असं गणित आलं की पुष्कळ मुलं सवयीने 14 ला 8 ने भागतात. आकृतीत खालच्या ओळीच्या जास्तीच्या 2 चौकटी म्हणजे 14, एक चौकट 7, संख्या 21 आणि 35. कधी एकूण दिलेलं असतं, कधी फरक, कधी एकाचाच वाटा. म्हणून आकडेमोडीआधी एकच प्रश्न विचारा: दिलेली संख्या किती चौकटींची आहे? मुलाने बोट ठेवून दाखवावं.

प्रश्न: 40 सेंमी आणि 2 मीटर यांचं गुणोत्तर 20:1 असं उत्तर आलं. चूक कुठे आहे?

उत्तर: एककं समान केली नाहीत. 2 मीटर म्हणजे 200 सेंमी, म्हणून 40:200, अतिसंक्षिप्त रूप 1:5. पदांचा क्रमही पाहा. ‘लांबीचं रुंदीशी’ म्हटलं की लांबी पूर्वपद (पहिलं पद) आणि रुंदी उत्तरपद (दुसरं पद).

प्रश्न: मग तिरकस गुणाकार शिकवायचा तरी कधी?

उत्तर: तक्ता आणि चौकटी मूल तुमच्या मदतीशिवाय मांडू लागलं की. पण प्रत्येक गणितात आधी विचारायला लावा, ‘एक वाढलं तर दुसरं वाढेल की घटेल?’ 2 सारखे नळ टाकी 6 तासांत भरतात, तर तसे 3 नळ किती वेळात भरतील? आंधळेपणाने तिरकस गुणाकार केला तर 9 तास येतात, म्हणजे नळ वाढवून वेळही वाढला. हे व्यस्त प्रमाण आहे, म्हणजे एक जितक्या पटीने वाढतं तितक्या पटीने दुसरं घटतं. इथे नळ आणि तास यांचा गुणाकार कायम राहतो: 2 गुणिले 6 बरोबर 12, आणि 12 भागिले 3, म्हणून 4 तास.