पहिल्यांदाच शिडाच्या बोटीवर जाताय? मग हे वाचा

भाऊ, तुर्कस्तानचा फेथिये-गोचेकचा किनारा निवडलास, बेस केलंस. पण मे महिन्याचा हट्ट सोड. आपल्याकडे पारा ४५ ला टेकला की वाटतं, समुद्रात डुंबावं. तिकडचं पाणी मात्र तेव्हा गारच असतं. सप्टेंबरात जा. उन्हाळाभर तापलेलं पाणी, गर्दीही ओसरलेली. जुलै-ऑगस्टात तिकडच्या एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, दुपारनंतर जोर धरतो. नवख्याचं काम नाही ते.

आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावात शिकलो म्हणून स्वतः सुकाणू धरायला जाऊ नकोस. त्याला परवाना लागतो. पहिल्या खेपेला कप्तानासकट बोट घे.

ट्रॉली बॅग तर नेऊच नको! मी नेली होती. केबिनमध्ये ठेवायला जागाच नाही, आठवडाभर पायाशी घेऊन झोपलो. घडी होणारी कापडी पिशवी बरी. बोटीवर गोडं पाणी टाकीपुरतंच, त्यामुळे अंघोळ दोन तांब्यांत. संडासात कागद टाकायचा नाही, पंप तुंबतो आणि मग तो मोकळा करायला कोण बसतं, ते विचारू नको.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घे. पोट ढवळल्यावर उपयोग नाही.

आणि रोजचा पल्ला छोटा ठेव. ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल, वेगाने ४ तासांत २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर. तेवढ्या अंतरात नागपूरहून रामटेकही येत नाही.