मामाआजोबांना मी उलट का बोलले

लाडक्या लेकीस,

काल झोपताना तू विचारलंस, "मोठ्यांना उलट बोलायचं नाही असं तूच सांगतेस ना? मग मामाआजोबांना सगळ्यांसमोर का बोललीस? आणि बाबा गप्प का बसले?" तोंडी सांगायला गेले तर माझा आवाज चढेल, म्हणून लिहिते. अवघड शब्द अडले तर बाबांना विचार. मात्र त्यांचं कौतुक आलं की ते घाईघाईने पुढे वाचतील, तिथे त्यांना थांबव.

मामाआजोबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "काय जावईबापू, अजून घरीच? आमची भाची कमावतेय, मजा आहे तुमची!" सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते तुला कळेना. आपल्यात जावयाचा मान मोठा, पण तो जावई कमावता असेल तरच. बायको नोकरीला आणि नवरा घरी असला, की त्याच्यासाठी टोमणे तयारच असतात: बायकोच्या जिवावर जगतो, बायकोच्या ताटाखालचं मांजर. बाई घरी असली तर कुणी बघतसुद्धा नाही.

आता बाबा घरी का असतात ते सांगते. मी अमेरिकेत आले एच-१बी व्हिसावर, म्हणजे कंपनीने मला कामासाठी आणलं. तू आणि बाबा एच-४ वर, माझं कुटुंब म्हणून. कागदोपत्री तुम्ही दोघं अगदी सारखे: शिकायला हरकत नाही, पण पगार घ्यायला बंदी. २०१५ च्या मे महिन्यापासून काही एच-४ नवरा-बायकांना कामाचा परवाना मिळतो. पण त्यासाठी साधारणपणे जोडीदाराच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरची आय-१४० ही पायरी मंजूर व्हावी लागते. माझ्या कंपनीने माझा अर्ज उशिरा हलवला, त्यामुळे ती पायरी अजून पुढेच आहे. तिकडे इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवणारा माणूस इथे नाइलाजाने घरी आहे. आळसाने नव्हे. माझं करिअर थांबू नये म्हणून त्यांनी स्वतःचं थांबवलं, आणि हे त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही. (इथे थांबव त्यांना.)

गंमत बघ. तुझ्या वर्गातला तो मुलगा म्हणाला होता ना, तुझे बाबा आमच्या नोकऱ्या घेतात म्हणून? इथले म्हणतात नोकऱ्या पळवता, तिकडचे विचारतात नोकरी का करत नाही. दोन्ही बोल एकाच माणसाने ऐकायचे.

बाबा गप्प बसले ते घाबरून नाही. सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला जावयाने तोंडावर उत्तर दिलं, तर पुढची दहा वर्षं 'जावई उद्धट निघाला' हेच ऐकावं लागतं. मामा माझे, त्यामुळे बोलायचं काम माझं होतं. आत्याआजी एकदा मला म्हणाल्या, "लेकरू घरी ठेवून कसली गं मीटिंग?" तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले होते, "आत्या, ते लेकरू माझंही आहे." लग्नानंतर आम्ही फारसं काही ठरवून केलं नाही, पण एवढं मात्र ठरलं होतं: ज्याच्या माणसांनी टोचलं, त्यानेच उत्तर द्यायचं.

मी काय बोलले ते तू अर्धवट ऐकलंस. मी म्हणाले, "मामा, इथल्या कायद्याने ह्यांना काम करता येत नाही. ते घर बघतात म्हणून मला नोकरी करता येते. पुन्हा हसायचं असेल तर मला हसा." आवाज चढवला नाही, अहो-जाहो सोडलं नाही. एवढ्याला उलट बोलणं म्हणायचं असेल, तर होय, बोलले.

आजी नंतर म्हणाली, "एवढं मनावर नसतं घ्यायचं. रात्री त्याची समजूत काढली असतीस की." मला ते पटत नाही. हसले चारचौघांत आणि समजूत बंद दाराआड, यात त्या चारचौघांचं काहीच बिघडत नाही.

खरं तर मामाआजोबांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायला हवं. धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट त्यांनीच मला लहानपणी सांगितली. कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं, आणि मुरुडच्या, म्हणजे त्यांच्याच गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. झळ घरच्यांनाही बसली. कर्व्यांनी लग्न लपवलं नाही आणि त्याबद्दल माफीही मागितली नाही. पुढे १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा तेच कर्वे सगळ्यांना आपले वाटले. आमचं प्रकरण त्यापुढे चिमूटभर आहे, मला ठाऊक आहे. पण 'आपल्यात असं नसतं' असं कुणी म्हणालं, की मला आधी ते मुरुड आठवतं.

रविवारी पुन्हा कॉल आहे. मामाआजोबांना नेहमीसारखा नमस्कार कर, रुसून बसू नकोस. ते भांडण तुझं नाही, आणि त्यांचा तुझ्यावर फार जीव आहे. बाबा काय करतात असं कुणी विचारलं, तर ते दिवसभर जे जे करतात ते सगळं सांग. तुझ्या अपूर्णांकांपासून माझ्या टॅक्सच्या कागदांपर्यंत, आणि कॉलेजचा तो रात्रीचा कोर्सही. वेळ लागेल. लागू दे.

तुझी,
आई