वाचकांचे प्रश्न : कॅसेटवरचा अल्बम, फोनवरचा अल्बम

प्रश्न : कॉलेजात असताना ज्या पॉप अल्बमची कॅसेट झिजेस्तोवर ऐकली, तोच आता ॲपवर किंचित संथ आणि खालच्या सुरात वाटतो. कान बिघडले की गाणी बदलली?

उत्तर : आधी संशय टेपरेकॉर्डरवर घ्या. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकायला हवी, पण घरगुती टेपमध्ये वेग दोन टक्के पुढेमागे होणं नेहमीचंच. दोन टक्के जलद म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने सूर चढतो, आणि वर्षानुवर्षं ऐकून तोच खरा वाटू लागतो. टेप अजून चालू असेल तर पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या स्पष्ट शब्दापर्यंतचा वेळ दोन्हीकडे मोजा. विरत जाणारा शेवट धरू नका, तिथे हमखास चूक होते. चार मिनिटांत पावणेपाच सेकंदांचा फरक आला, तर टेप दोन टक्के पळतोय.

वेग जुळूनही आवाज परका वाटला, तर नावापुढे 'रीमास्टर' (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने घडवलेली आवृत्ती) लिहिलंय का पाहा. बऱ्याच रीमास्टरमध्ये हळू आवाजाच्या जागा वर उचललेल्या असतात, त्यामुळे ड्रमचा ठोका उसळी घेत नाही. ॲपवर गाण्यांचा क्रम वेगळा वाटला, तर अमुक गाण्यानंतर तमुकच यायचं, हेही बहुधा बरोबर आठवत असतं. दोन्ही बाजूंची लांबी जुळवायला काही कॅसेटवर क्रम बदललेला असे.

प्रश्न : बरीच वर्षं न वाजवलेली कॅसेट कॉम्प्युटरवर कशी उतरवावी?

उत्तर : थेट लावू नका. कॅसेटच्या मधल्या फटीत धातूच्या पत्तीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. जुना गोंद वाळून तो पडला, की फीत हेडला (टेपमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज दबका, येत-जात राहतो. अशा वेळी फिरक्या फितीसकट स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या डबीत बसवणं सर्वांत खात्रीचं.

हेड आणि त्याशेजारची धातूची दांडी 90 टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. रबरी रोलरला सौम्य साबणपाणी पुरे, अल्कोहोलने रबर कडक होऊ शकतं. मग फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा, घट्ट बसलेले वेढे सुटतात. फीत गुंतते ती बहुतेकदा चिकट रोलरमुळे किंवा सैल बेल्टमुळे.

टेपच्या लाइन-आउटमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घाला. माइकच्या भोकात घातलीत तर आवाज फाटतो आणि बऱ्याचदा स्टिरिओही जातो. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी, म्हणजे साठ मिनिटांना 600 एमबीच्या थोडं वर.

झांजा बोथट वाटल्या तर हेडशेजारचा कोन जुळवायचा बारीक स्क्रू गाणं चालू ठेवून किंचित फिरवा. मूळ जागेवर आधी खूण करा. कव्हरवर डॉल्बी बीची (फितीची सरसर कमी करणाऱ्या पद्धतीची) खूण असेल तर टेपवरचं ते बटण चालू हवं. बंद ठेवल्यावर येणारी चमक अनेकांना आवडते, पण ती गाण्यात मुळात नाही.

प्रश्न : गाणं सुरू होण्याआधीच त्याचा पुसट आवाज येतो. फीत खराब झाली का?

उत्तर : नाही. गुंडाळलेल्या फितीच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरतं. वाजवण्याआधी फीत पुढे-मागे फिरवली तर थोडं कमी होतं. उतरवलेल्या फाइलमध्ये गाण्याआधीचा तेवढा भाग निःशब्द करून टाका.