भडंग सरकतं, चपाती अडकते

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, वय ४६. वजन १३२ झालेलं, शुगर, गुडघे, रात्रीचं घोरणं सगळंच मागं लागलेलं म्हणून पोट लहान करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन करून घेतलं. आता सात आठवडे झाले, १९ किलो उतरलंय. डॉक्टर म्हणाले आता हळूहळू घरचं नेहमीचं सुरू करा, पण जो कागद दिलाय त्यात ओट्स, ब्रोकोली, योगर्ट असलं लिहिलंय, आमच्या घरात ते कधी आलंच नाही. परवा मऊ आहे म्हणून गरम चपाती अर्धी खाल्ली तर छातीत दगड बसल्यागत झालं, तोंडात नुसतं पाणी सुटलं आणि शेवटी उलटी झाली. आणि संध्याकाळी पोराच्या वाटीतलं मूठभर भडंग खाल्लं तर काय पण झालं नाही! मग भडंग चालतं असं समजू का? आणि खरं विचारायचं ते हे की पुढच्या महिन्यात गावाकडं जत्रा आहे, मटण कधी? बायको म्हणते विचारू नका, तरी विचारतोय.

उत्तर : दादा, विचारलंत ते बरं केलंत, कारण न विचारता जत्रेत बसणारे मी पाहिलेत आणि त्यांची रात्र कशी जाते तेही पाहिलंय.

आधी चपाती. ऑपरेशननंतर आपण सगळे मऊ म्हणजे हलकं असं धरून चालतो आणि तिथंच फसतो. गरम चपाती, पाव, मऊ भात हे चावलं की पिठाचा गोळा होतो. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात, राहते ती केळ्याएवढी नळी, शंभर-दीडशे मिली मावेल एवढी, त्या नळीत गोळा गेला की तो बसून राहतो. तोंडाला पाणी सुटणं, फेस येणं हे त्याचंच लक्षण. त्यावर पाणी पिऊन खाली ढकलायला जाऊ नका, पिठाला पाणी लागलं की ते फुगतं आणि त्रास वाढतो. खाणं थांबवायचं, उठून जरा फिरायचं, बस.

त्यापेक्षा जोंधळ्याची भाकरी बरी जाते बघा. म्हणजे लगेच अख्खी चतकोर नाही हां. टम्म फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढायचा, तव्यावर अजून कडक करायचा आणि त्याचे दोन-तीन घास वरणाला लावून, पार लगदा होईस्तोवर चावून खायचे. कडक पापुद्र्याचा चावून चुरा होतो, गोळा होत नाही. चपातीला अजून महिनाभर तरी हात लावू नका, मग एखाद्या दिवशी शिळी, तव्यावर शेकलेली पाव चपाती खाऊन बघा.

आता भडंग, आणि हे नीट ऐका. भडंग खाऊन काही झालं नाही हाच त्यातला धोका आहे. चुरमुरा तोंडात विरघळतो, नळीतून सरळ खाली सरकतो, पोट भरल्याचा निरोपच मिळत नाही, तासाभरात अजून मूठभर बसतं, मग अजून मूठभर. फरसाण, शेव, बिस्किटं, आइस्क्रीम हे सगळे याच जातीचे. अडकणाऱ्या पदार्थांचा त्रास आत्ता होतो, सरकणाऱ्यांचा त्रास दोन वर्षांनी वजनकाट्यावर दिसतो. माझ्याकडं वजन परत वाढलं म्हणून जे येतात त्यांच्या तोंडी मटण क्वचित असतं, बहुतेक वेळा टीव्हीसमोरची वाटी असते. सांगलीच्या माणसाला भडंग कायमचं सोडा म्हणण्याइतकी मी निर्दयी नाही, पण आत्ता नको, सहा महिन्यांनी, जेवणात प्रोटीन पुरतंय याची खात्री झाल्यावर, ते पण छोट्या वाटीत काढून आणि डबा फडताळात परत ठेवून. नुसते शेंगदाणे खायचे म्हटले तरी आत्तापासून दोन-तीन आठवडे थांबाच, नीट चावले गेले नाहीत तर टोचतात.

आणि मटण. दादा, तुमच्या नशिबानं आपल्या भागात मटण एका रूपात येत नाही, ही फार मोठी सोय आहे. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, खिमा, मग फोडी. याच क्रमानं चढायचं. गाळलेलं अळणी, वरची चरबी काढून, तुम्हाला आजपासून चालेल, खरं तर मागच्या महिन्यातही चाललं असतं. एक वाटी घोट-घोट अर्ध्या तासात. पण अळणी प्यालो म्हणजे मटण झालं असं समजू नका, प्रोटीन पाण्यात फार कमी उतरतं, ते राहतं मांसात. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि खसखस, म्हणजे फॅट बऱ्यापैकी, तो दोन-चार चमचे चवीपुरता. नंतर खिमा, बारीक, ओलसर, मसाला बेताचा, दोन चमच्यांनी सुरुवात. त्याआधी उकडलेलं अंडं किंवा भुर्जी, मऊ पनीर, काटे काढलेला मासा पचायला लागला असेल तरच. मटणाच्या फोडी सगळ्यात शेवटी, बहुतेकांना तीन-चार महिने लागतात, काहींना त्याहून जास्त, कारण मटणाचे धागे कितीही चावले तरी दोरीसारखे राहतात. आणि तांबड्याची तरी, ती वर तरंगते ना लालभडक, ती राहू दे भावकीला. स्लीव्हवाल्यांना ॲसिडिटी जास्त होते, तिखट तेल रात्री घशाशी येतं.

म्हणजे जत्रेत तुमचं ताट कसं दिसेल? एक वाटी अळणी आधी. मग अर्धा तास काही नाही. मग जमलंच तर दोन चमचे खिमा आणि भाकरीचा पापुद्रा, आणि तो खिमा जत्रेच्या आधी घरी दोनदा खाऊन बघितलेला हवा. नवा पदार्थ पहिल्यांदा कधीच पंगतीत खायचा नाही, घरी खायचा, सकाळच्या वेळी, एका दिवशी एकच, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळतं. पंगतीत खरी अडचण मटणाची नसते, वाढणाऱ्याची असते. "एवढंसं तर घे की, काय होतंय" म्हणणारा मामा प्रत्येक गावात असतो. त्याच्याशी वाद घालू नका, ताटात थोडं राहू द्या, रिकामं ताट दिसलं की तो येतोच. आणि एक सांगते, या पोटात शेवटचा घास फार महाग पडतो. चौदा घासांपर्यंत छान असतं आणि पंधराव्याला उलटी. उचकी, नाक गळायला लागणं, छातीखाली दाब, यातलं काही जाणवलं की हातातला घाससुद्धा खाली ठेवायचा.

ओट्सचं म्हणाल तर त्या कागदाचा अर्थ घ्या, शब्द नको. योगर्ट म्हणजे आपलं दही, घट्ट टांगलेलं असलं तर उत्तम. ब्रोकोलीच्या जागी दुधी, दोडका, भोपळा. ओट्सच्या जागी नाचणीची आंबील. कागदाचा हट्ट एकाच गोष्टीवर असतो, दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रोटीन, आणि ते आंबील-खिचडीतून होत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, आता बेरीज तुम्हीच करा. म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. लहानपणापासून आपण उलटं शिकलोय, ठाऊक आहे मला.

प्रश्न : सातारहून लिहितेय. मिस्टरांचं बायपास ऑपरेशन झालं, वजनाचं, हृदयाचं नव्हे (सगळे तेच विचारतात). चार महिने झाले. भाच्याचं लग्न ठरलं म्हणून दोन कंदी पेढे खाल्ले आणि पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधडायला लागली, पोटात कळ, बाथरूमला पळापळ. आम्हाला वाटलं हार्ट अटॅकच.

उत्तर : वहिनी, घाबरणं साहजिक आहे. याला डंपिंग म्हणतात. बायपासमध्ये पोटाची छोटीशी पिशवी, साधारण ३० मिलीची, सरळ पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळं साखर पोटात रेंगाळत नाही, एकदम आतड्यात जाऊन पडते, आतडं तिच्यासाठी पाणी ओढून घेतं आणि मग हा सगळा गोंधळ. अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, शरीर घाईघाईत जास्त इन्सुलिन सोडतं आणि शुगर खाली येते, हातपाय थरथरतात, चक्कर येते. तशावेळी ग्लुकोमीटरवर बघा आणि डॉक्टरांना सांगा, विशेषतः डायबेटिसची गोळी चालू असेल तर.

पण धडधड आपोआप थांबली नाही, छातीत दुखलं किंवा हात-जबडा दुखायला लागला तर पेढ्याला दोष देत घरी बसू नका, दवाखाना गाठा.

कंदी पेढा साताऱ्यात राहून कधीच नाही असं मी म्हणणार नाही. पण रिकाम्या पोटी नको, दोन नको. वर्षभरानं, जेवणानंतर, सुपारीएवढा तुकडा. काही जणांना तेवढंही सोसत नाही, मग त्यांनी पेढा वाटावा.

प्रश्न : माझं पण बायपास झालंय, पाच महिने. केस मूठ-मूठ गळतायत. आणि चहा दिवसातून चार वेळा लागतो, तो चालेल का? – मिरज.

उत्तर : तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं फार जणींना होतं, वजन झपाट्यानं उतरलं की होतंच, बहुतेक वेळा परत येतात. पण प्रोटीन, लोह आणि बी-१२ तपासून घ्या. चहा चार वेळा जास्त झाला, दोनवर या, साखर काढा, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी पण लोहासोबत घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर. जेवताना आणि नंतर अर्धा तास चहा-पाणी काहीच नाही. आणि चहासोबत खारी बुडवून खाताय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.