क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरावा का?
बारावीच्या टक्क्यांवरून ठरवू नकोस. खुल्या गटाला 45 पुरतात. आधी जुना पेपर घड्याळ लावून सोडव: 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. सगळं इंग्रजीत, उतारे साडेचारशे शब्दांपर्यंत. सोलापुरातल्या हुशार पोरांचं घोडं इथेच अडतं. उतारा दोनदा वाचावा लागला की वेळ गेलाच. रोज इंग्रजी अग्रलेख वाचून दोन महिन्यांत वेग वाढला, तर बिनधास्त भर. मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांना राखीव जागा आहेत, म्हणून डोमिसाइल आत्ताच काढ. फी मात्र वर्षाला लाखांत जाते, घरी आधी बोल. एमएच सीईटी लॉ, म्हणजे राज्याची विधी प्रवेश परीक्षा, सोडू नकोस: मराठीतूनही देता येते, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचा प्रवेशही तिच्यावरच होतो.